डावीकडे दार, उजवीकडे धार

१

टेकडीच्या रस्त्यावर भर दुपारी पाणी वाहतंय म्हटल्यावर लोक आधी बादल्या घेऊन धावले. प्रेत त्यांना नंतर दिसलं. आमच्या शहरात तिसऱ्या दिवशी अर्धा तास नळ येतो, त्यामुळे मी कोणाला नावं ठेवत नाही. मी पोचले तेव्हा एक बाई प्रेतापासून चार हातांवर खड्ड्यातलं पाणी वाटीनं हंड्यात भरत होती आणि रडतही होती.

प्रेत कानसाहेबांचं होतं. पाणीखात्यातले गळती शोधणारे इंजिनियर. लोखंडी सळईचं एक टोक पाइपाला आणि दुसरं कानाला लावून जमिनीखाली कुठं पाणी गळतंय ते अचूक सांगायचे, म्हणून सगळं शहर त्यांना कानसाहेब म्हणायचं. तीच सळई कोणीतरी त्यांच्या डाव्या कानावर घातली होती. कान फाटून लोंबत होता आणि जबडा जागेवरून सरकला होता. बाजूला व्हॉल्व्हचं चेंबर, म्हणजे रस्त्याखालची आठ फूट खोल विटांची कोठी, काठोकाठ भरलेलं होतं.

प्रेताकडे बघायला मला एवढाच वेळ मिळाला, कारण पलीकडे एका माणसाचं प्रेत व्हायचं काम चालू होतं. पन्नासेक लोक एका म्हाताऱ्याला तुडवत होते. मी पोलिसी काठी चालवली. कोणाच्या नडगीवर, कोणाच्या पाठीवर, मोजलं नाही. मधून जो निघाला तो रक्तानं आणि पाण्यानं न्हालेला होता, आणि हातात अजून व्हॉल्व्ह फिरवायची कमरेइतकी उंच चावी घट्ट धरलेली होती.

तो चावीकाका होता. माझ्या बापाचा जोडीदार. दोघंही पाणीखात्यात चावीवाले, म्हणजे कुठल्या गल्लीत पाणी सोडायचं आणि कुठलं बंद करायचं हे ज्यांच्या हातात असतं ते. लहानपणी मी या माणसाच्या खांद्यावर बसून शहरभर व्हॉल्व्ह फिरवलेत.

"पोरी," तो म्हणाला, आणि तोंडातून दात बाहेर पडला.

मोठ्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी त्याला गाडीत घालत होते. परवा गुरुवारी अकरा वाजता महासभा होती. समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना उभारायचा, की जुने पाइप दुरुस्त करून आहे तेच पाणी वाचवायचं, यावर मतदान होतं. शहराचे दोन तट पडले होते आणि रोज कुठंतरी डोकी फुटत होती. कानसाहेब बचतवाल्यांचा हुकमी एक्का होता.

"गुरुवारी अकराच्या आत कबुलीजबाब पाहिजे," मोठे साहेब म्हणाले. "चावीवाला सापडलाय ना रंगेहाथ? मग त्याला फासावर जायला किती दिवस लागतात तेवढंच बघायचं."

कानसाहेबांची टिपणवही, जी ते झोपतानाही उशाशी ठेवायचे, कुठंच सापडली नाही.

२

कानसाहेबांच्या बायकोला भेटून मी ठाण्यावर परतले, तोवर माझ्या हाताखालच्या, पैलवान म्हणतात त्या शिपायानं कोठडीत चावीकाकाची बोटं मोडली होती. उजव्या हाताची तीन, डाव्याची दोन. टेबलाच्या खणात घालून खण बंद केला होता.

मी पैलवानाच्या कानाखाली वाजवली. सहा फुटांचा गडी भिंतीला जाऊन लागला.

"बाई, वरून सांगितलं होतं," तो गाल धरून म्हणाला. "आणि हाच आहे तो. चहावाला साक्षीला आहे. मंगळवारी सकाळी कानसाहेब याच्यावर भर रस्त्यात ओरडत होते. 'जीव जाईल, जीव जाईल' असं दोनदा ऐकलं त्यानं."

काकाला मी पाणी पाजलं. तो थांबत थांबत बोलला. कानसाहेबांची शेवटची चाचणी चालू होती. टेकडीवरचा व्हॉल्व्ह दोन फेरे उघडा ठेवायचा, खालचे सगळे बंद करायचे, आणि तरीही पाइपातून जे पाणी जातं ते मोजायचं. तेवढी गळती. चेंबरमध्ये मुख्य पाइपाला मनगटाएवढी एक आडवी नळी जोडून त्यावर मोजायचं यंत्र बसवलं होतं. काका दीड वाजता चावी तिथंच ठेवून खालचे व्हॉल्व्ह बंद करायला गेला. साडेतीनला परतला तर रस्ताभर पाणी.

"चावी व्हॉल्व्हवरच चढवलेली होती. मी दोन फेऱ्यांवर ठेवून गेलो होतो पोरी, तो चौदा फेरे उघडा सापडला. पार शेवटापर्यंत. आणि जाम. सुटता सुटेना. कोणीतरी जीव खाऊन आवळला होता. चावीचा आडवा दांडा वाकलाय बघ. कसाबसा बंद केला, उडी मारली, साहेबांना वर ओढलं. ती नळी मुळापासून तुटली होती."

"सकाळी भांडण कशावरून झालं?"

काकानं मान खाली घातली. "चूक माझी होती. कामातली. साहेब बरोबर होते." एवढं बोलला आणि बसल्या जागी बेशुद्ध पडला.

डॉक्टरांचा निरोप आला तो आणखी विचित्र. छातीत पाणी भरलं होतं. सळईचा घाव जोरात बसला होता, पण त्यानं माणूस मरत नाही. कानसाहेब बेशुद्ध पडले आणि बुडून मेले.

पैलवान खूश झाला. "म्हणजे आधी हाणलं, मग व्हॉल्व्ह उघडून बुडवलं. व्हॉल्व्हची अक्कल चावीवाल्यालाच असणार."

बोलणं बिनतोड होतं. मला ते पटत नव्हतं याचं एक कारण पोलिसाला न शोभणारं होतं: त्या माणसानं मला खांद्यावर घेतलं होतं. आणि दुसरं म्हणजे तो वाकलेला दांडा. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि कुठं ते कळायला कानसाहेब नव्हते.

३

बुधवारी सकाळी पहिला नंबर टँकरशेटचा. शहर तहानलेलं राहण्यावर ज्याचं पोट भरतं असा एकच माणूस, त्यामुळे दोन्ही तटांचा वैरी. गेल्या महिन्यात त्यानं कानसाहेबांना 'तुझा कान कापून टँकरला लावीन' असं चारचौघांत सुनावलं होतं.

शेट पलंगावर पालथे पडले होते. पाठ काळीनिळी.

"काल दोन ते तीन कुठं होतात?"

"मार खात होतो!" शेट ओरडले. "मागच्या वस्तीतल्या बायकांनी बादल्यांनी बडवला मला. टँकर अर्धा भरून पाठवतो म्हणे. विचारा जाऊन, चाळीस साक्षीदार आहेत. एक तर अजून म्हणते, पोट भरलं नाही."

मी विचारलं. चाळीस नव्हते, त्रेपन्न निघाले, आणि प्रत्येकीनं आपण किती हाणले ते अभिमानानं सांगितलं. शेट सुटले.

तिथून मी मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे पाणीखात्याचे निवृत्त प्रमुख. वय बहात्तर. खात्यातला प्रत्येक चावीवाला आणि इंजिनियर त्यांच्या हाताखालून गेलेला, माझा बापसुद्धा. अंगणात त्यांनी एक जुना व्हॉल्व्ह टाकीला जोडून ठेवलाय, त्यावर पोरांना शिकवायचे. आमच्या शहरातले जुने व्हॉल्व्ह जगाच्या उलट आहेत: डावीकडे फिरवले की बंद होतात, उजवीकडे फिरवले की उघडतात. कोण्या काळी कोणी तसे आणून बसवले, देव जाणे. नव्या माणसाचा घोटाळा होऊ नये म्हणून मास्तरांनी एक ओळ जुळवली होती. डावीकडे दार, उजवीकडे धार. दार लागतं, धार सुटते. माझ्या बापानं मला पाढ्यांच्या आधी ती शिकवली.

मास्तर रडून रडून सुजले होते. "माझा मुलगा गेला बाई. ती सळई मीच दिली होती त्याला, नोकरीच्या पहिल्या दिवशी. तीस वर्षं मी ओरडतोय, की समुद्राच्या नादी लागू नका, घरातलं गळकं मडकं आधी लिंपा. माझं कोणी ऐकलं नाही. त्यानं आकडा काढला तेव्हा ऐकलं."

आकडा सगळ्या शहराला पाठ होता. शंभरातले बेचाळीस हंडे पाणी जमिनीखाली गळतं. भिंतीभिंतींवर रंगवलेला होता. एवढं वाचलं तर समुद्राकडे बघायचीही गरज नाही.

"समुद्रवाल्यांनी मारलं असेल त्यांना?"

"कोणी मारलं ते तुम्ही शोधा. मी म्हणतो, बेचाळीस असो नाहीतर एकोणीस, आकड्यापायी माणूस मारतात का कोणी?" त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही मनगटांत धरून तोंडाला लावला. म्हातारपण, मला वाटलं. धुण्याचं पाणी एका बादलीत राखून ठेवलं होतं. "जाता जाता एवढी बादली झाडांना घाला हो बाई. गुडघे गेलेत माझे. जिना उतरवत नाही की वजन उचलवत नाही."

मी झाडांना पाणी घातलं. मागून मास्तर म्हणाले, "चावीवाल्याला फार मारू नका. गरीब आहे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करते.

४

समुद्रकाठच्या चाचणी कारखान्याबाहेर हजारभर लोक जमले होते आणि दगड चालू होते. 'कानसाहेबांचे खुनी' असं पत्र्यावर कोणीतरी डांबरानं लिहिलं होतं. आत पंप गडगडत होते. समुद्राचं पाणी एवढ्या दाबानं जाळीतून ढकलतात, की नळीला सुईएवढं छिद्र पडलं तर ती धार माणसाचं बोट कापते. दारावरच्या रखवालदाराचं डोकं फुटलं होतं आणि तो एका हातानं डोकं धरून दुसऱ्या हातानं आलेला दगड परत फेकत होता.

कारखान्याचा इंजिनियर परगावचा, तरणाबांड. लोक त्याला खारेसाहेब म्हणत. त्याचा ओठ फुटलेला होता.

"हे दगडानं नाही झालं," मी म्हटलं. "कालचं आहे."

"कानसाहेबांनीच मारलं," तो म्हणाला. "काल दुपारी बाराला आले होते. मी त्यांना हसलो, म्हणून ठोसा मारला. मग खुर्चीत बसून रडले."

"हसलात कशाला?"

"त्यांनी येऊन काय सांगितलं माहितीये? मी चुकलो. मोठ्या जलाशयाचं मीटर वर्षानुवर्षं जास्त दाखवतंय. जेवढं पाणी सुटतं असं समजत होतो तेवढं सुटतच नाही. जे सुटलंच नाही ते गळणार कुठून? खरी गळती बेचाळीस नाही." त्यानं ओठावरच्या खपलीवरून बोट फिरवलं. "एकोणीस."

"मग?"

"मग नुसत्या बचतीनं भागत नाही बाई. आमच्या एवढ्या अवाढव्य कारखान्याचीही गरज नाही, हेही त्यांनी मला सुनावलं. अर्धा पुरे. पाइप दुरुस्त करा आणि अर्धा कारखाना बांधा, दोन्ही करा. गुरुवारी सभेत हेच सांगणार होते. दुपारची चाचणी फक्त खात्री करायला. मी म्हटलं, आत्ताच पत्रकारांना सांगा. तर म्हणाले, आधी एका माणसाला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. दुसऱ्याकडून कळलं तर तो मोडेल."

"कोण माणूस?"

"नाव घेतलं नाही."

एकोणीस. हा आकडा मी आधी ऐकला होता. कुठं? मी डोळे मिटून आठवायला लागले, आणि तेवढ्यात खिडकी फोडून आलेला दगड माझ्या कपाळावर बसला.

५

सहा टाके पडले. डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं, आणि गुरुवारी सकाळी सातला जाग आली ती डोक्यात घण पडत असताना. अकराला चार तास. कोठडीत काकाला ताप भरला होता. एकोणीस कुठं ऐकलं ते काही केल्या आठवत नव्हतं.

मी पैलवानाला आणि चावीला घेऊन टेकडीवर गेले. चेंबर उपसून रिकामं केलं होतं. तुटलेल्या नळीच्या भोकात खात्याच्या लोकांनी लाकडी खुंटी ठोकली होती. मी शिडीवरून खाली उतरले. विटांवर अजून रक्त होतं. शिडीची उंची, नळीची जागा, सगळं बघितल्यावर एवढं कळलं: कानसाहेब शिडीवर उभे असणार, डोकं रस्त्याच्या वर. मारणारा रस्त्यावर उभा होता. घाव बसल्यावर ते कोसळले ते थेट नळीवर, आणि त्यांच्या वजनानं नळी तुटली. म्हणजे मारणारा खाली उतरलाच नव्हता.

खुंटीच्या कडेनं पाणी झिरपत होतं. व्हॉल्व्ह नीट बंद नसावा.

"पैलवान, जरा आवळ रे! डावीकडे."

वर चावी करकरली. झिरपणं वाढलं.

"अजून डावीकडे! जोर लाव!"

खुंटी तोफेसारखी सुटली आणि माझ्या तोंडावर बसली. वरचा एक दात गेला. मागून पाण्याचा लोट छातीवर आला आणि त्यानं मला समोरच्या भिंतीवर आपटलं. मी ओरडत होते, "बंद कर! डावीकडे, गाढवा, डावीकडे!" आणि तो बिचारा वरून सांगत होता, "डावीकडेच फिरवतोय बाई!" आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर पाणी आणखी चवताळत होतं. कंबर बुडाली. शिडी दिसेना. नाकातोंडात पाणी गेलं. मरण एवढ्या जवळून मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, मी बापाला हाका मारल्या.

पैलवानानं चावी सोडली, पालथा पडला आणि मला केसांना धरून वर ओढलं. ज्या हातानं काकाची बोटं मोडली होती त्याच हातानं.

मी रस्त्यावर पडून रक्त आणि पाणी ओकत होते. चावी व्हॉल्व्हवर तशीच उभी होती. हवा मिळाल्यावर पहिला विचार आला तो जगण्याचा नव्हता.

"उजवीकडे फिरव," मी म्हटलं.

त्यानं उजवीकडे फिरवलं. पाणी थांबलं.

६

"काका, टेकडीवरचा व्हॉल्व्ह कधी बदलला?"

काका तापात होता, पण हे ऐकून त्यानं डोळे उघडले. "गेल्या शुक्रवारी. जुना पिचला होता. मी आणि कानसाहेबांनी मिळून बसवला. नवीन आहे, जगासारखा. उजवीकडे बंद." मग त्याला रडू फुटलं. "नव्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर लाल कडं रंगवायचं असतं पोरी, म्हणजे दुसऱ्याला कळतं. कोठारातून लाल रंग आला नव्हता. मी म्हटलं, सोमवारी रंगवू. सोमवारीही राहिलं. मंगळवारी साहेब ओरडले, रंग लाव आधी, नाहीतर कोणाचा तरी जीव जाईल."

चहावाल्यानं शेवटचे दोन शब्द तेवढे ऐकले होते.

मी ओल्या कपड्यांनी कोठडीतच बसले आणि पैलवानाला समोर बसवलं. मोठ्यानं बोलल्याशिवाय मला विचार करता येत नाही.

"व्हॉल्व्ह उघडणारा माणूस कधी थांबतो?"

"पाणी आलं की."

"बरोबर. शेवटापर्यंत कोणी जात नाही, आणि गेलाच तर दांडा वाकेपर्यंत आणखी जोर तर कोणीच लावत नाही. जोर कधी लावतात? बंद करताना, आणि पाणी तरीही थांबत नसलं की. ज्यानं कानसाहेबांना मारलं तो पाणी सोडत नव्हता पैलवान. तो बंद करत होता. त्यांना वाचवायला."

पैलवान पुढं सरकला.

"आता बघ. टँकरशेट असता, खारेसाहेब असता, तू असतास, तर जगाच्या रीतीनं उजवीकडे फिरवलं असतं आणि दोन फेऱ्यांत पाणी थांबलं असतं. कानसाहेब आज जिवंत असते. काकाला नवा व्हॉल्व्ह माहीत होता, त्यानंही उजवीकडेच फिरवलं असतं. डावीकडे फक्त तोच फिरवेल ज्याच्या हाताला आपल्या खात्याची जुनी सवय आहे, पण शुक्रवारची बातमी ज्याला नाही. जशी मी आत्ता फिरवायला लावली. मी चावीवाल्याची मुलगी, म्हणून मरता मरता वाचले."

"मग कोण?"

"ज्याचे गुडघे गेलेत, म्हणून जो शिडी उतरून त्यांना ओढू शकला नाही. ज्याच्या तळहातांची लोखंडी चावीवर बारा फेरे जोर लावून सालटी निघालीत, म्हणून जो पेला मनगटांत धरतो." आणि मग, दात पडलेल्या तोंडानं बोलता बोलता, ते आठवलं. "आणि जो काल मला म्हणाला, बेचाळीस असो नाहीतर एकोणीस. एकोणीस हा आकडा जगात दोनच माणसांना माहीत होता. त्यातल्या एकानं तो मंगळवारी दुपारी तिसऱ्याला सांगितला."

घड्याळात साडेनऊ वाजले होते.

७

मास्तर सभेला निघायच्या तयारीत होते. पांढरे कपडे, खांद्याला कापडी पिशवी. माझं तोंड बघून दचकले.

"बाई, हे काय झालं?"

"व्हॉल्व्ह बंद करायला गेले होते. मास्तर, तुमचा अंगणातला व्हॉल्व्ह जरा बंद करून दाखवा."

त्यांनी माझ्याकडे, मग पैलवानाकडे पाहिलं. हुशार माणूस. ते व्हॉल्व्हजवळ गेले आणि दोन्ही हात चावीवर ठेवले. तळहातांवरच्या कापडातून रक्त आलं. डावीकडे फिरवलं. टाकीची धार बारीक झाली, थांबली.

"त्यालाही मीच शिकवलं होतं," ते म्हणाले. "इथंच."

"त्यानं काय सांगितलं मंगळवारी?"

"की मी तीस वर्षं खोटं बोललो." मास्तरांचा आवाज चढला. "टेकडीवर बोलावून घेतलं, आणि शिडीवर उभा राहून, हसतमुखानं! मास्तर, आपण चुकलो, आता दोन्ही करू. माझं सगळं आयुष्य बाई! बायको गेली तेव्हा मी एका फुटलेल्या पाइपावर होतो. आणि हा म्हणतो एकोणीस. सळई काठावर पडली होती. मी उचलली कधी, मारली कधी, मला कळलंच नाही. तो पडला, आणि खालून पाणी उसळलं. मी बंद करायला धावलो. देवाशप्पथ सांगतो, मी त्याला वाचवायला धावलो. पण त्या व्हॉल्व्हनं दगा दिला. आतला पडदा निखळला असणार, जुन्या व्हॉल्व्हचा निखळतो. मी आवळत होतो आणि पाणी वाढत होतं. आवळत होतो आणि वाढत होतं."

"ओरडलात का नाही?"

त्यांनी तळहातावरचं कापड घट्ट केलं.

"खाली वस्ती आहे. हाक मारली असती तर चार माणसं धावून आली असती."

"आली असती तर विचारलं असतं, कोणी मारलं," मास्तर हळू म्हणाले.

माझा संताप मस्तकात गेला. या माणसासाठी मी काल रडले होते. "आणि चावीकाकाची पाच बोटं मोडली तेव्हा? तेव्हाही गप्प. वर मला म्हणता, गरीब आहे, मारू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी होताना तुम्ही बघत बसला असता, मास्तर."

"मी खुनी नाही," ते म्हणाले. "मार मी दिला, पण मारलं त्याला त्या व्हॉल्व्हनं."

हे मी त्यांना सांगायला नको होतं, असं पैलवान अजून म्हणतो. पण माझ्या डोळ्यांसमोर खणात अडकलेली बोटं होती.

"व्हॉल्व्ह चांगला होता, मास्तर. गेल्या शुक्रवारी बदललेला. नवा. उजवीकडे दार, डावीकडे धार."

 मग त्यांचे हात चावीवर आपोआप फिरले, डावीकडे, बंद व्हॉल्व्हवर आणखी डावीकडे, आणि थांबले.

"म्हणजे मी..."

"तो दोन फेरे उघडा होता. तुम्ही बारा फेरे आणखी उघडलात. हात लावला नसता, तर वस्तीतून माणसं आणायला वेळ मिळाला असता."

मास्तरांनी कपाळ व्हॉल्व्हच्या लोखंडी डोक्यावर आपटलं. एकदा नाही, तीनदा, आणि पैलवान त्यांच्यापर्यंत पोचला तोवर भुवईचं हाड उघडं पडलं होतं. त्यांना धरून ठेवायला आम्हा दोघांची ताकद लागली. ओरडत होते ते एकच शब्द. कानसाहेबांचं खरं नाव. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पिशवीत भाषणाच्या कागदांखाली टिपणवही होती, पाण्यावर तरंगून आलेली. वाळवून, पान न् पान सुटं करून ठेवलेली. जाळायला हात धजला नव्हता.

८

ती वही मी अकराला पाच कमी असताना महासभेत नेऊन दिली. दात पडलेली, टाके पडलेली, भिजलेली पोलीस बाई बघून दोन्ही तट पहिल्यांदाच एकदम गप्प झाले. खारेसाहेबानं शेवटचं पान वाचून दाखवलं: आधी पाइप, मग अर्धा कारखाना. अजून त्यावर भांडण चालूच आहे, पण आता आकडा खरा आहे.

मोठ्या साहेबांना कबुलीजबाब मिळाला. त्यांना हवा होता त्या माणसाचा नव्हता एवढंच. पैलवान काकासमोर जाऊन उभा राहिला. काका म्हणाला, "बाईला वर ओढलंस ना? मग झालं." मी असते तर एवढ्यावर सोडला नसता. पैलवानाची चौकशी लागावी म्हणून कागद मीच लिहिला, आणि माझ्याही चौकशीचा, कारण कोठडी माझ्या ताब्यात होती.

काकाची बोटं जुळली, पण वाकडी. चावी त्याला आता धरता येत नाही.

इस्पितळातून सुटल्यावर त्यानं घरी जायच्या आधी टेकडीवर न्यायला सांगितलं. रस्त्यात मला कोठारापाशी थांबवून लाल रंगाचा डबा घ्यायला लावला. चेंबरपाशी उकिडवा बसला, डबा दोन्ही मनगटांत धरला, आणि मी व्हॉल्व्हच्या डोक्याभोवती ब्रशानं कडं ओढलं.

"जाड काढ," तो म्हणाला. "लांबून दिसलं पाहिजे."

मी पुन्हा एकदा ब्रश फिरवला.

"पोरी, मी शुक्रवारीच हे केलं असतं तर?"

आयुष्यभर मी लोकांकडून खरं बोलून घेत आलेय. त्या दिवशी मी ब्रश पुसत राहिले आणि म्हटलं, "मास्तर घाबरले होते काका. त्यांना कडं दिसलंच नसतं."

काकानं बराच वेळ त्या लाल कड्याकडे पाहिलं. टेकडीच्या पायथ्यापासूनही ते स्वच्छ दिसलं असतं.

"हो," तो म्हणाला. "नसतंच दिसलं."

मग मी डब्याला झाकण लावलं आणि त्याला हाताला धरून उठवलं.